पंडिता रमाबाई : एक धर्मांतर आणि अनेक मते

एकोणिसाव्या शतकातील मराठी गद्याचा अभ्यास करताना पंडिता रमाबाईंचे नाव तुमच्यासमोर एकाहून अधिक वेळा येते. ‘स्त्री धर्मनीति’ या पुस्तकाच्या लेखिका म्हणून ते येते, अमेरिकेच्या प्रवासवर्णनाच्या निमित्ताने येते आणि स्त्रीशिक्षणाच्या इतिहासातही येते. तरीही त्यांच्या समकालीन सुधारकांची नावे जितक्या सहजतेने आपल्या ओठांवर असतात, तितके हे नाव असत नाही. याची कारणे अनेक असतील. पण एक कारण सर्वांना माहीत असते आणि ते क्वचितच उघडपणे बोलले जाते : रमाबाई ख्रिस्ती झाल्या.

प्रस्तुत घटकात रमाबाईंचे चरित्र आपण याच अंगाने पाहणार आहोत. एका व्यक्तीने धर्म बदलला असता तिच्याभोवतीचे निरनिराळे धर्मसमूह तिच्याकडे कसे पाहतात, हा येथे आपला प्रश्न आहे. वाचताना एक सवय ठेवा. रमाबाईंविषयीचे कोणतेही मत समोर आले, की ते मत कोणाचे आहे आणि त्या माणसाचे काय पणाला लागले होते, हे आधी विचारा.

बालपण आणि भटकंती

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी पश्चिम घाटातील गंगामूळ येथे झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे चित्पावन ब्राह्मण आणि व्युत्पन्न संस्कृत पंडित होते. आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, त्यांनी संस्कृत शिकवले. दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या पत्नीस आपले गुरू संस्कृत शिकवतात हे त्यांनी तरुणपणी पाहिले होते आणि तेव्हापासून ही इच्छा त्यांच्या मनात रुजली होती. या कृत्याबद्दल त्यांना शास्त्री मंडळींसमोर आपल्या मताचे समर्थन करावे लागले. येथे एक गोष्ट ध्यानात घ्या : हा मनुष्य धर्म मोडणारा नव्हता. तो अत्यंत कर्मठ वैष्णव होता आणि स्त्रीने वेद सोडून अन्य संस्कृत वाङ्मय शिकण्यास शास्त्राची आडकाठी नाही, असे शास्त्राच्याच आधारे सांगत होता. रमाबाईंचे शिक्षण झाले ते आईच्या तोंडून, पहाटेच्या अंधारात, पाठांतराने.

पुढे हे कुटुंब तीर्थयात्रा करत आणि पुराणे सांगत हिंदुस्थानभर फिरले. मिळालेले द्रव्य दानधर्मात गेले. १८७० नंतरच्या दशकात मद्रास इलाख्यातील दुष्काळाने त्यांना गाठले तेव्हा जवळ काहीच उरले नव्हते. वडील, आई आणि थोरली बहीण थोड्याच काळात एकामागून एक गेली. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास पायी भटकत राहिले. व्रते, उपास, देवदर्शने हे सारे यथासांग पाळूनही अन्न मिळाले नाही, हा अनुभव रमाबाईंच्या मनात खोल गेला. त्यांच्या धर्मांतराचा विचार करताना अभ्यासक मिशनऱ्यांच्या प्रभावाविषयी पुष्कळ लिहितात. या उपाशी वर्षांचा हिशेब मात्र कमी मांडतात.

कलकत्ता : स्तुती आणि शंका

१८७८ मध्ये ही भावंडे कलकत्त्यास पोहोचली. वीस वर्षांची अविवाहित ब्राह्मण कन्या अस्खलित संस्कृतात बोलते, याचे तेथील विद्वानांना विलक्षण कौतुक वाटले. त्यांनी तिची परीक्षा घेतली आणि तिला ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. समाज तिच्याकडे प्राचीन आर्य विदुषींची मूर्ती म्हणून पाहू लागला. हा गौरव खरा होता, पण त्यात एक अट दडलेली होती : ही मूर्ती आपल्या देव्हाऱ्यात राहिली पाहिजे.

याच शहरातील एक प्रसंग रमाबाईंनी पुढे आपल्या आत्मनिवेदनात सांगितला आहे. तो आपल्या विषयाच्या दृष्टीने मोलाचा आहे. दोघा भावंडांना ख्रिस्ती लोकांच्या एका मेळाव्याचे आमंत्रण आले. तेथे एतद्देशीय माणसे इंग्रजांबरोबर बसून चहा-बिस्किटे घेताना पाहून कलियुग पुरते अवतरले, असे त्यांना वाटले. नंतर प्रार्थना सुरू झाली आणि सर्वजण खुर्च्यांकडे तोंड करून गुडघ्यांवर बसले. हे लोक खुर्च्यांचीच पूजा करतात, असा त्यांचा समज झाला. ज्या बाईंना पुढे सारा महाराष्ट्र ख्रिस्ती म्हणून ओळखणार होता, त्यांची ख्रिस्ती धर्माशी पहिली भेट ही अशी होती. परधर्मीयांविषयीचे आपले पहिले ग्रह बहुधा असेच, डोळ्यांना दिसलेल्या विचित्र गोष्टीवरून बनतात. रमाबाईंनी आपला हा अडाणीपणा लपवला नाही, ही त्यांच्या लेखनातील प्रामाणिकपणाची एक खूण समजावी.

कलकत्त्यातच ब्राह्मसमाजाचे केशवचंद्र सेन यांनी त्यांच्या हाती वेद दिला. स्त्रीने वेद वाचू नये हे बालपणापासून मनावर बिंबलेले असल्याने त्या प्रथम बिचकल्या. मग त्यांनी वेद वाचला, उपनिषदे वाचली, स्त्रियांसमोर व्याख्याने देण्यासाठी धर्मशास्त्राचे ग्रंथ अभ्यासले. ग्रंथांची आपापसांत अनेक बाबतींत मतभिन्नता असली तरी स्त्रिया आणि शूद्र यांच्या हीनत्वाविषयी त्यांचे एकमत आहे, असा त्यांचा निष्कर्ष झाला. तो सर्वांना पटेलच असे नाही. मात्र तो एखाद्या पाद्र्याच्या पत्रिकेतून आलेला नव्हता, मूळ संस्कृत ग्रंथ वाचून काढलेला होता, आणि म्हणूनच तो पुढे लोकांना अधिक झोंबला.

१८८० मध्ये श्रीनिवास वारले. त्याच वर्षी नोव्हेंबरात रमाबाईंनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. वर ब्राह्मण नव्हता, प्रांत आणि भाषा निराळी होती. एका मुलीच्या, मनोरमेच्या, जन्मानंतर काही महिन्यांतच, फेब्रुवारी १८८२ मध्ये, पतीचे पटकीने निधन झाले. रमाबाई विधवा झाल्या तेव्हा त्यांना चोविसावे वर्ष चालू होते.

पुणे आणि इंग्लंड

त्या वर्षी रमाबाई पुण्यास आल्या. न्या. महादेव गोविंद रानडे, डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर आदी सुधारकांनी त्यांचे स्वागत केले. आर्य महिला समाजाची स्थापना झाली, ‘स्त्री धर्मनीति’ प्रसिद्ध झाले, हंटर कमिशनपुढे रमाबाईंनी साक्ष दिली आणि स्त्री शिक्षिका व स्त्री डॉक्टर यांची निकड मांडली.

आता त्या काळच्या पुण्याचे मन थोडे समजून घ्या. मिशनरी शाळांतून ब्राह्मण तरुण ख्रिस्ती होण्याच्या घटना चाळीस वर्षांपासून घडत होत्या. १८४३ मध्ये श्रीपाद शेषाद्री या अल्पवयीन मुलास प्रायश्चित्त देऊन परत जातीत घ्यावे म्हणून बाळशास्त्री जांभेकरांनी खटपट केली, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! धर्म बदलणे म्हणजे त्या समाजाच्या लेखी श्रद्धा बदलणे नव्हते. तो घरातून, जातीतून, पंगतीतून, वारशातून उठून जाणे होते. त्यात राज्यकर्ते ख्रिस्ती. त्यामुळे ख्रिस्ती होणारा माणूस सत्तेच्या बाजूला जाऊन बसला, असाही अर्थ लागे. एतद्देशीय ख्रिस्ती कुटुंबाचे खरे जीवन, त्यातली गरिबी आणि एकाकीपणा, हे या चित्रात कोठेच नव्हते.

वैद्यकीय शिक्षणाच्या इच्छेने रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या आणि पुण्यात ओळख झालेल्या अँग्लिकन भगिनी-संघाच्या वाँटेज येथील मठात राहिल्या. जाताना, आपण धर्मांतर करणार नाही, असे त्यांनी स्नेह्यांना सांगितले होते. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. लंडनजवळ फुलम येथे, समाजाने पतित ठरवलेल्या स्त्रियांना या भगिनी ममतेने वागवताना पाहून त्यांच्या मनावर परिणाम झाला होता. नीलकंठशास्त्री गोऱ्हे, म्हणजे स्वतः धर्मांतर केलेले फादर नेहेम्या गोरे, यांच्या युक्तिवादाचाही त्यात वाटा होता. बहिरेपणामुळे वैद्यकाचा बेत मात्र सोडावा लागला.

महाराष्ट्रात या बातमीने संताप उसळला. काल जिला सरस्वती म्हटले, तिच्या विद्वत्तेविषयीच आता शंका घेतल्या जाऊ लागल्या. सुधारकांची अडचण वेगळी होती. स्त्री शिकली की धर्म सोडते, हा सनातन्यांचा आक्षेप खोडून काढताना त्यांना रमाबाईंचेच उदाहरण दाखवता येत असे. ते उदाहरण आता उलटले होते. जोतीराव फुले यांनी मात्र १८८५ मधील ‘सत्सार’मध्ये रमाबाईंची बाजू घेतली. ब्राह्मणी शास्त्रे वाचलेली स्त्रीच ती शास्त्रे सोडून जाते, यात त्यांना आपल्या प्रतिपादनाचा पुरावा दिसला. म्हणजे एकच घटना पुण्यातल्या एका पेठेत विश्वासघात ठरली आणि दुसऱ्या पेठेत साक्ष.

येथे चरित्र थांबवून तुम्ही असे समजू नका की, निदान ख्रिस्ती मंडळींनी तरी रमाबाईंना पूर्णपणे आपले मानले. त्यांचा इंग्लंडमधील पत्रव्यवहार वाचण्याजोगा आहे. त्रैक्याच्या सिद्धान्ताविषयी त्यांनी प्रश्न विचारले, चर्चमधील अधिकाऱ्यांची आज्ञा बुद्धीला न पटता मानण्यास नकार दिला. एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून महत्प्रयासाने सुटल्यावर दुसरे जोखड मानेवर घेण्याची त्यांची तयारी नव्हती. त्या शाकाहारीच राहिल्या. तो जातीचा अभिमान असल्याचे सिस्टर जेराल्डिन यांना वाटे. गळ्यातील क्रुसावर लॅटिनऐवजी संस्कृत शब्द असावेत, असा त्यांचा आग्रह होता. चेल्टनहॅम येथे त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे अशी कल्पना निघताच हिंदुस्थानातील बिशपांनी विरोध केला : हिंदी समाजात त्याने त्यांची प्रतिष्ठा जाईल, असे कारण दिले गेले. ज्या समाजाची बंधने तोडली म्हणून रमाबाईंचे कौतुक होत होते, त्याच समाजाची सबब सांगून त्यांना अडवण्यात आले, ही गंमत रमाबाईंच्या लक्षात आल्यावाचून राहिली नाही.

शारदा सदन : उघडे दार

आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी १८८६ मध्ये रमाबाई अमेरिकेस गेल्या आणि दोन वर्षांहून अधिक काळ राहिल्या. ‘द हाय कास्ट हिंदू वुमन’ हे त्यांचे इंग्रजी पुस्तक तेथेच प्रसिद्ध झाले. बोस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन स्थापन होऊन विधवांच्या शाळेसाठी दहा वर्षांच्या खर्चाची हमी मिळाली. शाळेत धर्माची शिकवण द्यायची नाही, असे ठरले.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले आणि पुढल्या वर्षी ते पुण्यास आले. मुंबईतील पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई ही बालविधवा होती. हीच पुढे धोंडो केशव कर्वे यांची पत्नी झाली आणि आनंदीबाई ऊर्फ बाया कर्वे म्हणून आपल्याला माहीत आहे. ‘माझे पुराण’ या आत्मचरित्रात तिने सदनातील दिवसांचे वर्णन केले आहे. ते अवश्य वाचा. मुलींना आपापले आचार पाळण्याची मोकळीक होती. रानडे, भांडारकर सल्लागार मंडळात होते, त्यामुळे ब्राह्मण घरांतूनही विधवा मुली येऊ लागल्या. एका ख्रिस्ती बाईच्या हाती हिंदू समाज आपल्या मुली सोपवत होता. ही साधी गोष्ट नव्हती.

आता वाद कशावरून झाला ते नीट पाहा. रमाबाई आपल्या खोलीत मनोरमेला घेऊन रोज प्रार्थना करीत. खोलीचे दार उघडे असे. काही मुली आपण होऊन येऊन बसू लागल्या. त्यांना रमाबाईंनी बोलावले नाही, पण हाकललेही नाही. ही गोष्ट बाहेर पसरली. शारदा सदन हा धर्मांतराचा सापळा असल्याची टीका सुरू झाली आणि टिळकांचा ‘केसरी’ त्यात अग्रभागी होता. १८९३ मध्ये रानडे, भांडारकर आणि इतर सल्लागारांनी राजीनामे दिले. पुष्कळ पालकांनी मुलींना काढून नेले.

दोषी कोण? हा प्रश्न परीक्षेत येतो तेव्हा विद्यार्थी बहुधा एक बाजू धरून उत्तर लिहितात. रमाबाईंची बाजू उघड आहे. इतर मुलींना पूजेची मोकळीक असताना आपल्याच घरात दार लावून प्रार्थना करण्याची सक्ती त्यांच्यावर का असावी? पालकांचे म्हणणेही पोकळ नव्हते. आश्रित, वयाने लहान, घरी झिडकारलेल्या मुलीला जिच्याकडून प्रथमच माया मिळते, त्या बाईचा उघडा दरवाजा हा नुसता दरवाजा राहत नाही. तोच तिला बोलावणे ठरतो. तटस्थतेच्या कराराचा शब्द पाळला गेला, पण ज्या विश्वासावर मुली आल्या होत्या त्याला तडा गेला, असे माझे मत आहे. पुढे काही विद्यार्थिनी ख्रिस्ती झाल्याही.

तरी टीकाकारांच्या लेखनात एक गोष्ट खटकते. या मुलींना काय वाटते, हे त्यांच्यापैकी फारच थोड्यांनी विचारले. हिंदू समाज गमावतो की राखतो, ख्रिस्ती समाज मिळवतो की नाही, अशी मोजणी चालली होती आणि मोजल्या जाणाऱ्या मुली घरी परत जाऊन पुन्हा स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात बसल्या. ज्यांच्या घरी केशवपन होणार होते, त्यांना धर्म वाचल्याचा आनंद किती झाला असेल?

या वादातून एक विधायक गोष्ट मात्र निघाली. १८९६ मध्ये कर्व्यांनी पुण्यात अनाथ बालिकाश्रम काढला. विधवांसाठी अशी संस्था हिंदूंची स्वतःची असावी, ही गरज शारदा सदनानेच पटवून दिली होती. कर्व्यांच्या संस्थेला हिंदू घरांचा जो विश्वास मिळाला, त्यामागे रमाबाईंच्या यशाचाही वाटा आहे आणि त्यांच्याविषयीच्या भीतीचाही.

प्लेग, दुष्काळ आणि केडगाव

१८९७ मध्ये पुण्यात प्लेगबंदोबस्ताच्या नावाखाली जे चालले होते, त्याविरुद्ध रमाबाईंनी ‘बॉम्बे गार्डियन’ या पत्रात लिहिले. प्लेगच्या रुग्णालयात स्त्रियांना मिळणाऱ्या वागणुकीची तक्रार त्यांनी नावानिशी केली. सदनातील एका मुलीची परवड त्यांनी पाहिली होती. प्रकरण ब्रिटिश पार्लमेंटपर्यंत पोहोचले आणि गव्हर्नरांनी तक्रार फेटाळली. ख्रिस्ती म्हणजे सरकारच्या बाजूचा, हे समीकरण येथे मोडते. टिळकांचा ‘केसरी’ आणि रमाबाई या वेळी एकाच अन्यायावर बोट ठेवत होत्या. पण त्यामुळे पुण्याचे त्यांच्याविषयीचे मत बदलल्याचे दिसत नाही. धर्मावरून एकदा बसलेला शिक्का कृतीने सहसा पुसला जात नाही.

त्याच सुमारास मध्य प्रांतात दुष्काळ पडला. स्वतः उपाशी भटकलेल्या रमाबाई तेथे गेल्या आणि सुमारे तीनशे मुली व स्त्रिया घेऊन आल्या. पुण्याजवळ केडगाव येथील जमिनीवर मुक्ती सदन उभे राहिले. १९०० च्या दुष्काळानंतर तेथील रहिवाशांची संख्या दोन हजारांच्या जवळ गेली. विणकाम, शेती, दूधदुभते, तेलाची घाणी, छापखाना, अंध मुलींसाठी ब्रेलचे शिक्षण असा तो पसारा होता. या मुली बहुतांशी ब्राह्मण घरांतल्या नव्हत्या. मुक्ती सदन उघडपणे ख्रिस्ती संस्था होती, तटस्थतेचा करार आता उरला नव्हता. आणि नवल असे की, शेकडो दुष्काळग्रस्त मुली ख्रिस्ती झाल्या तरी १८९३ सारखे वादळ पुण्यात उठले नाही. याचे उत्तर धर्मात शोधावे की जातीत, याचा विचार तुम्ही करा.

रमाबाईंचे स्वतःचे मतही या काळात कठोर होत गेले, हे सांगितलेच पाहिजे. ‘स्त्री धर्मनीति’मध्ये हिंदू परंपरेविषयी जी आस्था दिसते, ती १९०७ च्या आत्मनिवेदनात उरलेली नाही. ज्यांना इतरांनी चौकटीत बसवले, त्याही इतरांना चौकटीत बसवू लागल्या होत्या.

अखेरची वर्षे त्यांनी बायबलच्या मराठी भाषांतरात घालवली. उपलब्ध भाषांतरांची संस्कृतप्रचुर मराठी त्यांना मान्य नव्हती. सामान्य स्त्रीला वाचता यावे म्हणून हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी मूळ ग्रंथावरून साध्या मराठीत काम केले. कलकत्त्याच्या पंडितांनी जिला संस्कृतासाठी सरस्वती म्हटले, तिने आयुष्याच्या शेवटी जाणीवपूर्वक संस्कृत शब्द गाळत बसावे, हे मराठी गद्याच्या अभ्यासकाने विसरू नये. केडगावच्या छापखान्यात खिळे जुळवण्याचे काम मुक्ती सदनातील स्त्रियाच करीत. १९१९ मध्ये सरकारने रमाबाईंना कैसर-ए-हिंद पदक दिले. १९२१ मध्ये मनोरमा वारली. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथे रमाबाईंचे निधन झाले, आणि संपूर्ण बायबल त्यानंतर छापून बाहेर पडले.